राजरत्नच्या ओळी

४ मार्च २०२५
डिलाईल रोड

बोलपाटीच्या सर्व सहकाऱ्यांनो,

नोकऱ्या सांभाळून, शनिवार-रविवार मोडून, कुणाकडून काहीही न घेता ज्यांनी बोलपाटी लिहिली, त्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र आहे. आपलं एक जुनं दुखणं आहे. आपलं काम फुकट मिळतं म्हणून लोक ते बेवारस समजतात. कोणीही यावं, उचलावं, हवं तिथे जोडावं. आजवर हे बाहेरचे करत होते. काल ते घरातून झालं.

आपली जुई गेलं वर्षभर माटुंग्याला बसून बोलपाटीची देखभाल एकटी करते आहे, आणि मन लावून करते आहे. काल तिने नवी आवृत्ती सोडली. तिच्यात बाहेरून घेतलेला नवा आवाज जोडला आहे. आवाज सुंदर आहे. पण तो जोडता यावा म्हणून आपल्या परवान्याची फाईल काढून तिथे दुसरी ठेवली आहे. कोणाला विचारलं? कोणालाच नाही.

जे उशिरा आले त्यांच्यासाठी सांगते. अंधांना मराठी मजकूर वाचून दाखवणारा हा प्रोग्राम आपण जीपीएल परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली दिला आहे. घ्या, वापरा, बदला, विका सुद्धा. पण पुढे देताना कोड उघडा ठेवा आणि आम्ही घातल्या त्याहून एकही जास्तीची अट घालू नका. नवा आवाज अपाची परवान्याखाली आहे. त्यात पेटंटबद्दल एक जास्तीची अट आहे. अट वाईट मुळीच नाही, पण जास्तीची आहे. म्हणून ही दोन कामं एकत्र बांधून वाटता येत नाहीत. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत त्या अटीला जागा आहे. तिकडे जायला माझी हरकत नाही. पण जायचं हे कोणी ठरवायचं? ज्याने ज्याने ओळ लिहिली, त्याने. एकूण एकाने.

सुरुवातीच्या मसुद्यात ‘किंवा यापुढची कोणतीही आवृत्ती’ असे शब्द होते. ते राहिले असते तर आज ही वेळ आली नसती, असं जुई म्हणते. खरं आहे. ते शब्द मीच खोडायला लावले. आमच्या आज्याने न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवला होता. जे अजून लिहिलंच गेलेलं नाही त्याला मी आजच होकार देणार नाही, असं मी तेव्हा म्हटलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. आजही मला तेच पटतं. टाळ्या वाजवल्यात, आता विचारण्याचे कष्टही घ्या.

सगळ्यांचे लेखी होकार येईपर्यंत ही आवृत्ती मागे घ्यावी.

प्रिती गमरे


१३ मार्च २०२५

श्री. विक्रांत धैर्यवान
गिरगाव

यांस,

बोलपाटीचा परवाना जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीवर नेण्याचं ठरत आहे. त्यासाठी प्रत्येक लेखकाची लेखी संमती हवी. बदलांच्या नोंदीनुसार मूळ कोडचा सर्वांत मोठा भाग आपल्या नावावर आहे. ‘आपण लिहिलेला’ असा शब्दप्रयोग मी मुद्दाम केलेला नाही. कारण आपण जाणता.

होकार किंवा नकार, जे असेल ते कळवावे.

प्रिती गमरे


३० मार्च २०२५

विक्रांत,

‘आपण’ लिहून पाहिलं, उत्तर नाही. ईमेल परत आली नाही, म्हणजे पोचली. कागदावरची प्रत तुमच्या वॉचमनने माझ्या हातून घेतली आणि वर नेऊन दिली, हे मी खाली उभी राहून पाहिलं. वर आले नाही. तुम्ही घरच्यांनी बोलावलं असतं तरी आले नसते.

जुईने नवी आवृत्ती मागे घेतली. मी मागितलं ते मला मिळालं. मिळाल्यावर काय झालं ते पाहायला काल लालबागला गेले.

अंध मुलांचं आपलं वाचनालय अजून त्याच माडीवर आहे. खाली मसाला कुटायचा डंक. हंगाम चालू आहे. मिरचीच्या ठसक्याने जिन्यातच डोळे भरले. जुने संगणक एकेक करून मेले. देणगीतून नवे आलेत आणि त्यांच्यावर बोलपाटीचा जुना आवाज उठतच नाही. नवा आवाज मी बंद करायला लावला. मुलं हेडफोन टेबलावर ठेवून बसली होती. खालून डंकाचे ठोके येत होते, तेवढेच.

मानसी तुला आठवत असेल. शाळेच्या गणवेशात यायची आणि आमच्या राजरत्नला ‘सर, तुमचा संगणक अडखळतो’ म्हणून सांगायची ती. आता कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला पावलांवरून ओळखते.

‘ताई आल्या,’ ती म्हणाली. ‘चला, कोणाचा तरी आवाज आला.’

‘मार टोमणे.’

‘मारते ना. जूनमध्ये परीक्षा आहे. पुराव्याचा कायदा मला कोण वाचून दाखवणार? तुम्ही?’

‘मोबाईलमध्ये आहे की एक आवाज.’

‘आहे. तो कलम वाचतो, तळटीप वाचतो, पानाचा आकडा वाचतो, सगळं एका दमात. राजधानी एक्स्प्रेस. कलम कुठे संपलं आणि अपवाद कुठे चालू झाला, काय कळत नाही. बोलपाटी थांबते हो. कुठे थांबायचं ते तिला कळतं.’

मी तिच्या बाजूची खुर्ची ओढून बसले. तीच पुढे म्हणाली, ‘तुमचं तत्त्व बरोबर आहे, ताई. मी वकील होणारे, मला कळतं. फक्त जरा लवकर जिंका.’

कुठे थांबायचं ते तिला कळतं. ते कळणं कोणी लिहिलं, विक्रांत?

परवा दादरला यतीनच्या घरी आम्ही बसलो होतो. सगळ्या चाचण्या करणारा आपला यतीन. सगळ्यांचे होकार आले आहेत, तुझा तेवढा राहिला आहे. यतीन म्हणाला, ‘एवढे दिवस गप्प आहे म्हणजे हो धरा ना. गिरगावातून उठून कोर्टात कोण जाणारे?’

मी त्याला म्हटलं, आमच्या वस्त्यांच्या गप्प राहण्याचे होकार आजवर किती जणांनी धरले, ते मला शिकवू नकोस. मोर्चासमोर बोलावं तसं मी त्याच्या बैठकीच्या खोलीत बोलले. त्याच्या बायकोने चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबणं पसंत केलं. मला तुझी बाजू घ्यायची नव्हती. मी तुझी बाजू घेतलेली नाही. पण तुझ्या नावावरची एक ओळही मी तुला न विचारता हलू देणार नाही.

मग जुई म्हणाली, ‘नाहीतर विक्रांतसरांच्या नावावरचा भाग काढून नवा लिहू. सहा-सात महिने लागतील.’ कायद्याने ते चालतं. पण मानसीची परीक्षा सहा-सात महिने थांबणार नाही. आणि तो भाग काढायचा म्हणजे राजरत्नला पुसायचं. तेही दुसऱ्यांदा.

पहिल्यांदा तू पुसलंस. दादरच्या त्या सभागृहात, राजरत्न जाऊन वर्षही झालं नव्हतं. बोलपाटीचं सन्मानचिन्ह हातात घेऊन तू म्हणालास, ‘एका मित्राशिवाय हे झालं नसतं.’ मी खालून उठून विचारलं, ‘मित्राला नाव नसतं का?’ मग जे बोलायचं ते सगळं बोलले. सगळं काम माझ्या भावाचं, आणि नाव याचं. पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलंय. तू सन्मानचिन्ह टेबलावर ठेवलंस आणि बाजूच्या दाराने निघून गेलास. एक शब्द बोलला नाहीस.

मी त्यातलं काहीही मागे घेत नाही. पण आज मी भाषण करायला आलेले नाही. हो म्हण, नाहीतर नाही म्हण.

प्रिती


१७ एप्रिल २०२५

विक्रांत,

चौदा एप्रिलला दोन सभा झाल्या, घसा बसला आहे. म्हणून काल घरीच होते आणि आईशी बोलायला वेळ मिळाला. चाळ रिकामी केल्यापासून आम्ही मायलेकी भाड्याच्या घरात आहोत. रोड तोच, जिना वेगळा.

त्या ओळी राजरत्नच्या आहेत असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. शेवटी जुईने विचारलं, ‘मग त्याच्या वारसाचा होकार कुठे आहे?’ बरोबर विचारलं. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. वारस आई. मी कागद घेऊन तिच्यासमोर बसले.

‘आई, राजाने जे लिहिलं ते आता कायद्याने तुझं आहे.’

‘माझं? मला टीव्हीचा रिमोट कळत नाय.’

‘तरी तुझंच. त्याच्या अटी बदलायच्या आहेत. आंधळ्या मुलांसाठी. तू हो म्हणतेस का?’

‘विक्रांत काय म्हणतो?’

‘त्याचं नाव काढू नकोस.’

‘का नको? एका ताटात जेवलेत दोघं. त्याच्या घरी ते ताज्या मासळीचं खडखडलं करतात, तरी आमच्या सुकटीवर तुटून पडायचा. काय म्हणतो तो?’

‘काही म्हणत नाही. चोर कधी काही म्हणतो?’

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेत गेल्यासारखं झालं.

‘चोर नाय तो. राजानेच नको म्हटलं होतं नाव.’

मी कागद खाली ठेवला.

आई सांगत गेली. राजरत्नला लोअर परळची नोकरी लागली तेव्हाची गोष्ट. तुम्ही दोघं गॅलरीत बसला होतात आणि ती उंबऱ्यात सुकट निवडत होती. राजरत्न म्हणाला, ‘कंपनीच्या कागदात लिहिलंय, नोकरीत असताना मी जे काय लिहीन ते सगळं त्यांचं. घरी बसून लिहिलेलंसुद्धा. माझं नाव टाकलंस तर उद्या बोलपाटीवर ते हक्क सांगतील.’ तू म्हणालास, ‘अरे, मग लोक म्हणतील मीच लिहिलं सगळं.’ तो हसला. ‘म्हणू दे. तुझ्या पणजोबांच्या नावाची गल्ली आहे गिरगावात. तुला सवय आहे.’ आई म्हणते, तू हसला नाहीस. त्याने तुझ्याकडून वचन घेतलं, तिच्यासमोर.

‘मला का नाही सांगितलंस?’

‘तू विचारलंस कधी? तू घरात शिरतेस तीच भाषण करत.’

रात्री झोपताना ती आणखी एक म्हणाली: ‘माझ्या पोराचं काय आहे ते आधी मला दाखवा. मग सही करते. न बघता नाय.’

विक्रांत, आता तुझं गप्प राहणं मला दिसतंय. ‘या सर्व ओळींचा लेखक मी’ असं लिहून होकार दिलास तर ते खोटं. ‘यातल्या ओळी राजरत्नच्या’ असं लिहिलंस तर वचन मोडलं, वर कंपनी दारात. म्हणून तू काहीच लिहीत नाहीस. गप्प राहणाऱ्याचा होकार धरू नये, एवढं मी यतीनला शिकवत होते. गप्प राहणाऱ्याचा नकारही धरू नये, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

दादरला जे बोलले ते चुकीच्या माहितीवर बोलले. जाहीर बोलले होते, दुरुस्तीही जाहीर होईल. पण आज नाही. आज लोकांना कारण सांगितलं तर तू एवढी वर्षं झाकून ठेवलेलं मीच उघडं करीन. आधी त्या कंपनीत जाऊन येते.

प्रिती


४ मे २०२५

विक्रांत,

गेले. त्या काचेच्या इमारतीत खाली नाव लिहा, फोटो काढा, गळ्यात पट्टा घाला, हे सगळं केलं. त्यांच्या कायद्याच्या विभागात देविका नावाच्या बाई आहेत, माझ्याहून लहान. राजरत्न गेल्यानंतर त्या आल्या, त्याला ओळखत नव्हत्या. मी भांडायच्या तयारीने गेले होते. वाक्यं जुळवून ठेवली होती. खरं सांगते, भीतीही वाटत होती. कारण मी तोंड उघडलं की मग ते झाकता येणार नव्हतं. त्यांनी हक्क सांगितला असता तर बोलपाटी माझ्याच हाताने गेली असती.

त्यांनी नेमणुकीचा कागद वाचला आणि विचारलं, ‘हे त्यांनी ऑफिसच्या लॅपटॉपवर केलं होतं?’

‘नाही. गिरगावात, मित्राच्या घरी, मित्राच्या संगणकावर.’

‘आमच्या कामाशी काही संबंध?’

‘तुम्ही विम्याचे दावे तपासता. तो मराठी वाक्यात श्वास कुठे घ्यायचा ते शोधत होता.’

त्या उठून आत गेल्या, कोणाशी तरी बोलून आल्या. मी काचेतून खाली डिलाईल रोडचा पूल बघत बसले. परत येऊन म्हणाल्या, ‘आम्हाला याच्यातलं काही नको, मॅडम. तसं लिहून द्यायला कंपनी तयार आहे. पण मोघम नाही. कुठल्या ओळी, ते नेमकं लिहून आणा. त्या यादीखाली आम्ही सही करू.’

‘सगळंच त्याचं आहे असं लिहा ना.’

‘सगळं त्यांचं आहे?’

विक्रांत, भरल्या सभागृहात मी हेच म्हटलं होतं. माईक नव्हता तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं. त्या थंड खोलीत, एका बाईसमोर, मला ते म्हणता येईना. मला माहीतच नाही. दर शनिवारी तुमच्या गिरगावच्या खोलीत तुम्ही एका कीबोर्डसमोर बसायचात. एक बोलायचा, दुसरा टाइप करायचा, मध्येच जागा बदलायचात. मी कधीतरी डबा घेऊन आले की दोघंही मला हाकलायचात. कोणती ओळ कोणाच्या तोंडून आली हे नोंदींना माहीत नाही. मला माहीत नाही. आईलाही नाही. ते सांगू शकणारा एकच माणूस उरला आहे.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘सगळं नाही.’

त्यांनी मसुदा दिला आहे. सोबतच्या यादीतील राजरत्न गमरे यांच्या ओळींवर कंपनीचा कोणताही हक्क नाही, असं त्यात आहे. यादीची जागा कोरी आहे. मसुदा हातात पडल्यावर मी आपल्या सगळ्यांना लिहिलं, की दादरला मी विक्रांत धैर्यवानवर केलेला आरोप खोटा होता. कारण लिहिलं नाही. ते तुझं आहे, तू सांग किंवा सांगू नकोस. यतीनचा लगेच फोन. ‘म्हणजे तू चुकलीस?’

‘हो.’

‘थांब, स्पीकर लावतो. परत म्हण.’

परत म्हटलं.

काल मानसीकडे गेले होते. कोणी मैत्रीण तिला पुराव्याचा कायदा मोबाईलवर बोलून देते आहे, रोज थोडा थोडा. मैत्रिणीचीही परीक्षा आहे, म्हणून मानसी तिला जास्त वेळ मागत नाही. ‘अर्धा झाला,’ म्हणाली. ‘उरलेला अर्धा परीक्षेत आला तर गंमत.’ या वेळी टोमणा मारला नाही. तो मारला असता तर बरं झालं असतं.

आता बघ कसं अडलं आहे ते. कंपनीची सही यादीवर. आईची सही यादीवर, कारण तिला तिच्या पोराचं काय आहे ते आधी बघायचं आहे. उरलेल्या ओळींवर तुझा होकार, तोही यादी झाल्यावरच खरा होईल. या तिन्ही सह्या आल्या की जुई त्याच दिवशी नवा आवाज परत चालू करते. परवाना बदललेला, सगळ्यांना विचारून. मी तिला तसं सांगून ठेवलं आहे.

राजरत्नने तुझ्याकडून वचन घेतलं ते बोलपाटी वाचावी म्हणून. आज ती वाचवायची तर त्याचं नाव लिहावं लागेल. तू त्याचा शब्द मोडतो आहेस असं तुला वाटेल. मोडत नाहीयेस. कंपनीने हात काढून घेतला, त्या वचनाचं काम संपलं. आणि माझ्यावर राग असेल तर राहू दे. तो या कामाच्या आड येऊ देणारा माणूस तू असतास तर एवढी वर्षं चोर म्हणवून घेत बसला नसतास.

माझ्याशी बोलू नकोस, घरी येऊ नकोस, चालेल. एवढं कर. बोलपाटीचा मूळ कोड उघड आणि वरपासून खालपर्यंत जा. राजरत्नने सांगितलेल्या ओळींसमोर राजरत्न लिही. तुझ्या ओळींसमोर विक्रांत लिही. ज्या वेगळ्या करता येत नाहीत तिथे दोघांची नावं लिही. आणि ती यादी येत्या रविवारच्या आत, आईच्या पत्त्यावर पाठव.

प्रिती